दुधाची फॅट

अप्पा, मागे तुम्हाला लिहिलं होतं की तुमच्या हातांवरचे चट्टे रॉकेलमुळे आले. ते चुकलं. चट्टे आधीचे होते. खाज थांबेना म्हणून रॉकेल तुम्ही नंतर चोळू लागलात, आणि ती बाटली मोरीत मीच आणून ठेवायचे. लेथवर दिवसभर अंगावर उडणारं कूलंट, ते पांढरं तेलकट पाणी, त्याला तुम्ही घरात ‘दूध’ म्हणायचात. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, तेव्हा मी सांगून टाकलं, वडील डेअरीत आहेत. ते ऐकून तुम्ही हसता हसता खोकत बसलात. खोकला तेव्हापासूनचा, हेही मी लिहिलं नव्हतं.

शाळेच्या आधी तुम्हीच शिकवलंत. स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवून व्हर्नियरने पापडाची जाडी मोजायला लावली होतीत. मी घाईने आकडा सांगितला, तर तुम्ही व्हर्नियर काढूनच घेतलंत. “आदी जबडं मिटव. शून्य बघ. शून्यच खोटं आसंल तर म्होरचं समदं खोटं.” आई म्हणाली, “आवो, पाच वर्साची हाय ती. खाऊ द्या तो पापड.” तुम्ही पुन्हा मोजायला लावलंत.

आता मी एमआयडीसीतल्या तसल्याच एका कारखान्यात क्वालिटीला आहे. रोज सकाळी कूलंटचा थेंब काचेवर घेऊन ते किती दाट आहे ते बघते. आधी साध्या पाण्यावर शून्य तपासते. लेथवरचे पुणतांब्याचे एक जुने कामगार, सगळे त्यांना मामा म्हणतात, ते विचारतात, “म्याडम, आज फॅट किती लागली? का पानी मारलंय?” सगळे हसतात. मामांच्या मनगटांवर तुमच्यासारखेच चट्टे आहेत आणि त्यांचं हसणंही खोकल्यात संपतं. कूलंटची टाकी चार महिन्यांत उपसलेली नाही. सुट्टीनंतर मशीन सुरू झाली की नासका वास सुटतो, मग सुपरवायझर टाकीत फिनाईल ओततात. हवेतला तो तेलकट फवारा ओढून घेणारा पंखा बसवा, असं मी तीनदा लिहून दिलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, “बघू.” मामांना म्हटलं, दवाखान्यात निदान काम काय करता ते तरी सांगा. म्हणाले, “माजं नाव कुटं लिवू नका बरं, म्याडम. दोनच वर्सं राह्यलीत.”

दर गुरुवारी रजिस्टरमध्ये ‘टाकी साफ केली’ या रकान्यात माझी सही असते. खरं लिहिलं तर पान बदलतील, मला पॅकिंगला टाकतील, आणि मामा त्याच फवाऱ्यात उभे राहतील. यापेक्षा वेगळं काही होईल असं मला वाटत नाही.

हे पत्रही तुमच्या व्हर्नियरच्या डबीतच जाईल, तुम्ही गेल्यावर लिहिलेल्या आधीच्या पत्रासारखं. एक सांगायचं टाळत होते. आज गुरुवार होता, आणि आजही मी सही केली. पुढच्या गुरुवारी, पहिल्या पाळीला, मामांचं नाव न घेता, त्या रकान्यात मी ‘साफ केली नाही’ असं लिहिणार आहे.