सहा चाकं आणि नारिंगी हातमोजे

चॅड्रन, १२ सप्टेंबर

चि. व्हर्लिन यास, ताईचे अ. उ. आ.

वि. वि. तुझी बायको गेले दोन आठवडे माझ्या घरी आहे आणि परत जायचं नाव काढत नाही, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. फोन मी दोनदा केला. दोन्ही वेळा तू सगळं ठीक आहे म्हणालास आणि गुरं कुंपणाबाहेर पडली म्हणून फोन ठेवलास. तुझी गुरं फार सोयीने बाहेर पडतात. कागदावर तशी सोय नाही.

नादीन आली ती गोधड्यांच्या प्रदर्शनाला, चार दिवस म्हणून. प्रदर्शन संपलं, गोधड्या आपापल्या घरी गेल्या, नादीन गेली नाही. येताना तिने स्वतःची उशी आणली होती, तेव्हाच मला शंका आली. पाहुणी बाई माझ्या उशीवर झोपते. स्वतःची उशी घेऊन येते ती पाहुणी नसते. आतापर्यंत तिने माझं स्वयंपाकघर तीनदा लावलं. काल मला माझ्याच घरात दालचिनी सापडली नाही. परवा तिने ऱ्हुबार्बचे आंबट देठ भरून पाय भाजला आणि मी तो खाल्ला. मला ऱ्हुबार्ब आवडत नाही हे तिला तुमच्या लग्नापासून ठाऊक आहे, तेव्हा ती रागावली आहे हे नक्की. माझ्यावर नव्हे, पण खायला मीच समोर होते.

काय झालं विचारलं तर म्हणते, तुमच्या भावाला विचारा. म्हणून विचारते आहे.

तुमच्याकडून आलेल्या एकाने आणखी एक बातमी दिली. तू म्हणे नवी पिकअप घेतलीस. साधी नव्हे, मालट्रकची धाकटी बहीण, मागे दोन्ही बाजूंना दुहेरी चाकं, एकूण सहा. घरातून बायको गेली आणि अंगणात दोन चाकं जास्त आली, हा हिशेब मला जुळत नाही. मी आयुष्यभर शाळेत बीजगणित शिकवलं आहे. उत्तर पायऱ्यांसकट लिही.

कुत्र्याला वेळेवर खायला घाल. लोभ आहे, पण त्यालाही मर्यादा आहे.

तुझी,
आर्डिथ


मुलेन, १७ सप्टेंबर

ती. आर्डिथताईस, व्हर्लिनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. लाल शाईत नव्हतं, एवढंच समाधान. कुत्रा मजेत आहे, माझ्यापेक्षा बरं जेवतो. ओट्स शिजवायला पाणी किती घालायचं ते नादीनला विचारून कळव. सध्या होतं त्याने भिंतीला गिलावा करता येईल.

आता पायऱ्या. जुलैत मी मोठा ट्रेलर घेतला, कारण जुन्यात दहा गाई मावायच्या आणि यात वीस मावतात. वीस गाई भरून जुनी पिकअप जोडली की तिचं बूड जमिनीला टेकायचं आणि पुढचे दिवे चंद्रावर पडायचे. त्यात ऑगस्टअखेरीस गुरांच्या लिलावाला गेलो तेव्हा तिने ब्रेक धरला नाही. थोडक्यात निभावलं. तेव्हा गाडी बदलणं भाग होतं. जुनी शेजारच्या ड्वेनला दिली. बापड्याला ट्रेलर लहानच ओढायचा असतो.

नवी गाडी बघशील तर तूही गप्प होशील, म्हणजे बघ. ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा बंपरला नाही, हौद्याच्या मधोमध आहे, त्यामुळे सगळं वजन चाकांवर बसतं आणि बूड टेकत नाही. चर्चची इमारत जोडली तरी ओढेल. एवढंच की ती शेडमध्ये मावत नाही, म्हणून शेडचं दार काढून ठेवलं. बँकेत गाडीत बसूनच पैसे काढायच्या खिडकीच्या गल्लीतही मावत नाही. परवा खिडकीतली मुलगी अर्धी बाहेर लोंबकळली तेव्हा पावती हाती आली.

मुख्य गोष्ट म्हणजे हिला सहा कॅमेरे आहेत. पुढचं, मागचं, वरचं, सगळं पडद्यावर दिसतं. आता ट्रेलर मागे घेताना मागे कुणी उभं राहायची गरजच उरली नाही. हे नादीनला मुद्दाम वाचून दाखव. ती खूश होईल.

तिचे नारिंगी हातमोजे इथेच दाराजवळच्या खुंटीला राहिलेत. विसरली असेल. लोभ कर, निदान थंडीपर्यंत.

तुझा,
व्हर्लिन


चॅड्रन, २२ सप्टेंबर

चि. व्हर्लिन यास, अ. आ., यावेळी उत्तम वगळून.

तू सांगितलंस म्हणून तुझं पत्र वाचून दाखवलं. मागे कुणी उभं राहायची गरज उरली नाही, या वाक्यापर्यंत नादीन बटाटे सोलत होती. मग तिने सुरी खाली ठेवली, बाहेर गेली आणि तिची धुतलेली मोटार पुन्हा धुतली. आत आली ती बोलतच. तीन आठवडे बाई गप्प होती. जे माझ्याने झालं नाही ते तुझ्या एका ओळीने केलं, त्याबद्दल आभार.

तर ऑगस्टअखेरीस तुझं थोडक्यात निभावलं म्हणजे काय ते आता मला कळलं आहे. तुला ठाऊक नसल्यास सांगते.

लग्न झाल्यापासून तू ट्रेलर मागे घेतोस आणि ती मागे उभी राहून हात करते. हात नीट दिसावेत म्हणून तिने नारिंगी हातमोजे घेतले. तुमच्यात नियम एकच: आरशात तिचे हात दिसेनासे झाले की तू थांबायचं. ती कुठे आहे, का आहे, हे नंतर. आधी थांबायचं. त्या दिवशी लांब ट्रेलरमुळे तिला उजव्या बाजूला जावं लागलं. लाकडी कुंपण आणि ट्रेलर यांच्यामध्ये ती उभी होती आणि तू येतच राहिलास. ट्रेलरचा बंपर पाठीला लागला, कुंपणाची एक फळी मोडली, ती कुंपणावर चढली म्हणून वाचली. तिच्या पाठीवरचा डाग आता पिवळा पडत चालला आहे. मी पाहिला.

आणि तू खाली उतरून काय केलंस? अख्ख्या लिलावघरासमोर, कॉफीचे कप घेऊन उभ्या असलेल्या रिकामटेकड्यांसमोर, कुठे उलथली होतीस म्हणून तिच्यावर ओरडलास. मग चारचौघांना सांगितलंस की ब्रेक लागला नाही.

त्या ब्रेकचंही सांगते. ड्वेन काल इथे दातांच्या डॉक्टरकडे आला होता, तुझ्याच जुन्या पिकअपमधून. नादीनने त्याच्याकडे किल्ली मागितली. तो बापडा भुलीमुळे नाही म्हणू शकला नाही. तिने आमचा चढ चढून, उताराला वेग घेऊन, माझ्या टपालपेटीसमोर ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. ड्वेनच्या हातातली कॉफी त्याच्या शर्टावर होती. त्याने अर्ध्या तोंडाने सांगितलं की त्या ब्रेकला त्याने हातही लावलेला नाही, घेतले तसेच आहेत, उत्तम आहेत.

म्हणजे बायको चिरडता चिरडता राहिली म्हणून तू दुप्पट वजनाची गाडी घेतलीस. एका खोट्याला सहा चाकं लावलीस. कॅमेरे सहा असोत की साठ, त्यांची माफी मागावी लागत नाही, बायकोची लागते.

नादीन म्हणते की ओरडल्याचं तिला काही नाही, तू बैलावरही ओरडतोस. तू थांबला का नाहीस एवढंच तिला हवं आहे. आणि ते कळेपर्यंत ती येणार नाही. मला हे लिहायला आवडत नाही, पण मला ती थट्टा करताना दिसत नाही. काल तिने इथल्या ग्रंथालयात कामाची चौकशी केली.

ओट्सला दुप्पट पाणी.

आर्डिथ


मुलेन, २८ सप्टेंबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तू पुरुष असतीस तर वकील झाली असतीस आणि मी तुरुंगात असतो.

ब्रेक ठीक होते. मान ठीक नव्हती. वसंतात बछड्यांना डाग देताना मान आखडली ती सुटली नाही. डावीकडे वळते, उजवीकडे अर्धीच. पलीकडचा उजवा आरसा बघायला मला अख्खा खांदा फिरवावा लागतो. त्या दिवशी फिरवला नाही. मला वाटलं हात असतीलच. इतकी वर्षं होते, तेव्हा असतीलच. मग लोक ओरडले आणि ती कुंपणावर दिसली, आणि माझ्या तोंडून निघालं ते निघालं. भीती वाटली होती, ताई. तशी कधी वाटली नव्हती. ब्रेकचं नाव एकदा घेतल्यावर ती गाडी ठेवणार कशी? लोक विचारत होते. म्हणून नवी घेतली.

कॅमेऱ्यांचं खरं सांगतो. पडद्यावर सगळं दिसतं, फक्त काय करायचं ते दिसत नाही. बुधवारी सराव म्हणून रिकामा ट्रेलर लिलावघरात गुरं उतरवायच्या धक्क्याला लावायला गेलो. चाक डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, हे मला झोपेतही ठाऊक आहे, पण पडद्यात बघताना डोकं उलटं चालतं. चार वेळा चुकलो. पाचव्यांदा फाटकाचा खांब गेला. कॉफीवाल्या रिकामटेकड्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, नव्या गाडीचाही ब्रेक गेला का. बाहेर थोबाड दाखवायची सोय राहिली नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर बछडी विकायला न्यायचीच आहेत. वर्षाची कमाई ती. ड्वेनकडे मदत मागू शकतो, पण त्याच्या दातांना आता बराच वेळ आहे गावभर बोलायला.

मानेचं नादीनला सांगू नको. ती म्हणेल गुरं विका आणि गावात राहायला चला. लोभ आहेच असं धरून चालतो.

व्हर्लिन


चॅड्रन, २ ऑक्टोबर

चि. व्हर्लिन यास, अ. आ.

तुझं पत्र सकाळी दहाला आलं. सव्वादहाला मी नादीनला सगळं सांगितलं, मान आधी. माझ्याकडून गुपित राखायची अपेक्षा कुणी कधी केली होती?

तिने हातातलं भांडं पुसून फळीवर ठेवलं. मग म्हणाली, वसंतापासून हा माणूस भाकरीच्या तुकड्यालाही अंग वळवून हात लांब करतो, मला वाटलं म्हातारपण. मग ती हसली. मग रडली, थोडीच, आणि उरलेला ऱ्हुबार्ब फेकून दिला. ही चांगली खूण आहे.

सोबत तिचं पत्र जोडते आहे. मी वाचलेलं नाही. वाचावं लागलंही नाही, ती लिहिताना मोठ्याने बोलते.

आर्डिथ


चॅड्रन, २ ऑक्टोबर

व्हर्लिन यास, नादीनचा स. न. वि. वि. यातला स कसला, ते तू कसा वागतोस त्यावर ठरेल.

मान दुखते हे मला सांगितलं असतंस तर मी मानेला शेक दिला असता. तू मला बंपर दिलास.

गुरं विकायची नाहीत. गावातही जायचं नाही, गावात आर्डिथ आहे. गुरुवारी मी येते आहे. बछडी भरायच्या दिवशी गाडी मी चालवीन. माझ्या वडिलांच्या साखरबिटाचे ट्रक मी लग्नाआधी तीन हंगाम चालवले आहेत, मागे घेऊनही. तू इतक्या वर्षांत कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही, कारण तुला चाक धरायला फार आवडायचं. माझी मान दोन्हीकडे वळते.

तू मागे उभा राहायचं. हातमोजे खुंटीवरच आहेत. मी ते विसरले नव्हते.

नादीन


चॅड्रन, १७ ऑक्टोबर

चि. व्हर्लिन व सौ. नादीन यांस, अ. उ. आ., उत्तम परत घातलं आहे.

वि. वि. तुम्ही दोघं महिनाभराने हा प्रसंग दोन तऱ्हांनी सांगाल. मी तिथे होते, तेव्हा जे झालं ते लिहून ठेवते.

नादीनने बछडी भरलेला ट्रेलर मुलेनहून लिलावघरापर्यंत आणला. व्हर्लिन वाटभर शेजारी बसून अदृश्य ब्रेक दाबत होता. धक्क्यापाशी तो उतरून मागे गेला. हातमोजे त्याला लहान होतात. बोटं अर्ध्यात अडकतात आणि हात कोंबडीच्या पायांसारखे दिसतात. कॉफीवाल्यांना त्याहून सुंदर काही अनेक वर्षांत बघायला मिळालं नसावं.

नादीनने सरळ रेषेत मागे घ्यायला सुरुवात केली. अर्ध्यावर एकाने विचारलं की व्हर्लिन, लग्नाला निघालास का. व्हर्लिनला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. तो वळला, दोन पावलं सरकला, आणि उजव्या आरशातून दिसेनासा झाला.

नादीन थांबली.

हॉर्न नाही, हाक नाही, खिडकीतून डोकं नाही. मागे सात-आठ गाड्या खोळंबल्या. ट्रेलरमधली बछडी हंबरत होती. ती आरशात बघत बसून राहिली. व्हर्लिनचं उत्तर अर्धं झालं होतं. गाडी का थांबली म्हणून त्याने मागे पाहिलं आणि मग आपण कुठे उभे आहोत ते पाहिलं. एका बाजूला हातभर अंतरावर ट्रेलर होता. दुसऱ्या बाजूला तितक्याच अंतरावर तेच कुंपण होतं, मोडकी फळी बदललेलं. उरलेलं उत्तर त्याने दिलं नाही.

तो आरशात परत आला आणि दोन्ही हात वर केले. नादीनने ट्रेलर धक्क्याला लावला, एकदाच. बछडी उतरल्यावर व्हर्लिन तिच्या खिडकीशी गेला आणि काही बोलला. इंजिनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. काय बोललास ते मी विचारत नाही. नादीनने ऐकलं, मान डोलावली, एवढं मी पाहिलं, आणि कॉफीवाल्यांनी कप खाली ठेवलेले पाहिले.

मानेसाठी मंगळवारी इथल्या डॉक्टरांकडे तुझी वेळ घेतली आहे. गुरं बाहेर पडली तर ड्वेन बघेल.

वाद नको म्हणून, काय कुणाच्या हवाली झालं त्याची नोंद. नव्या गाडीच्या दोन्ही किल्ल्या व्हर्लिनने नादीनला दिल्या. चालकाची बैठक पुढे सरकवली आहे, ती मागे सरकवायची नाही. नारिंगी हातमोज्यांचा जोड नादीनने व्हर्लिनला दिला. मोठा जोड येईपर्यंत तोच वापरायचा आहे. माझी दालचिनी मला सापडली, कॉफीच्या डब्यामागे होती, मिळाली.

नादीनची उशी तिने नेलेली नाही. विसरली नाही, मी विचारलं, पुन्हा लागलीच तर असू दे म्हणाली. ती माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर स्वच्छ अभ्र्यात ठेवली आहे. पोचपावती, व्हर्लिन, तुझ्या नावाने.

आर्डिथ