सुधींद्र मला काय म्हणाला

मी, आनंदा यल्लाप्पा गावडे, वय सदुसष्ट, मूळचा अळणावरकडचा, सध्या राहणार देशपांडे नगर, हुबळी, धंदा गिटार वाजवणे, पूर्ण शुद्धीत आणि कुणाचाही धाक नसताना हे लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण रॉक वाजवणाऱ्याचे डोके ठिकाणावर असते यावर या गावाचा अजून विश्वास नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागाच्या भरात केले होते.

कलम एक. लाल गिटार आणि ॲम्प्लिफायर दीपश्रीला. तिचे वडील मुकुंदराव लग्नांचे व्हिडिओ काढत, आणि आमच्या 'ब्लॅक कॉटन' बँडचे कार्यक्रमही त्यांनीच हौसेने काढले. दीपश्रीने त्या सात कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून दिल्या. "काका, बघत बसा आता निवांत," म्हणाली. बघत बसलो आणि झोप गेली ती गेलीच.

कलम दोन. राहते घर माझी धाकटी बहीण सखूबाई हिला.

कलम तीन. पहिल्या सहा कॅसेटी सुधींद्रच्या पत्नी अनसूयाबाई यांना. सुधींद्र आमचा गायक. जुन्या हुबळीतल्या गणपतीपुढे आम्ही वाजवतोय आणि पुढच्या रांगेतले आजोबा कानात बोटे घालून बसलेत, हे बघून त्या हसल्या तर बरेच होईल. नवऱ्याचा आवाज त्यांच्या घरी असावा.

सातवी कॅसेट मात्र कुणाला द्यायची हिंमत नाही. सन एकोणीसशे त्र्याण्णव, धारवाड, कॉलेजचे मैदान, शेवटचे गाणे. गाता गाता सुधींद्र गळ्याला हात लावतो, माझ्या कानाशी येऊन काहीतरी बोलतो. मी त्याच्याकडे रागाने बघतो आणि गिटारचा आवाज वाढवतो. पुढे नऊ मिनिटे वाजवत राहतो. तो बिचारा गात राहतो.

त्या गोंगाटात मी ऐकले, "सखू, आनंदा, सखू." सुधींद्रचा तुझ्या बहिणीवर डोळा आहे, असे कुणीतरी माझे कान भरले होते. माझे टाळकेच फिरले. खाली उतरल्यावर चारचौघांत त्याच्या थोबाडीत दिली. तिचे नाव का घेतलेस म्हणून विचारले, तर तोंडातून शब्द नाही. मला वाटले, चोरी पकडली म्हणून गप्प आहे. नंतर तो दोनदा दारात आला, मी दार उघडले नाही.

सखू तेव्हा हुबळीत नर्सिंग शिकत होती. "अण्णा, मी त्या माणसाशी चार शब्दसुद्धा बोललेली नाही," असे रडून रडून सांगत होती. महिन्याभरात तिचे लग्न लावून अळणावरला पाठवली.

गेल्या श्रावणात सातवी कॅसेट पाहिली. कॅमेरा अगदी जवळ आहे. सुधींद्रचे तोंड 'सा'ला पूर्ण उघडते. "साकु, आनंदा, साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. अरे देवा! जन्मभर माझ्याशी मराठीत बोलणारा माणूस, जीव घाबरा झाल्यावर आपल्या आईच्या भाषेत गेला, आणि मी मराठीच ऐकत राहिलो. त्याचा गळा फाटला होता. बोलणार कुठून? पुन्हा तो कधीच गायला नाही. सुभाष रोडवर वह्या-पेन्सिली विकत राहिला आणि दोन वर्षांपूर्वी गेला. मी मयतालाही गेलो नाही.

आता टीव्ही बंद केला तरी तो गळ्याला हात लावून उभा असतो. स्वयंपाकघरात जातो, तिथेही. मी हात जोडतो, पुरे रे बाबा म्हणतो. तो गातच राहतो. मला फार भीती वाटते.

कलम चार. मुकुंदराव म्हणाले, "तू मेल्यावर माफी मागून काय उपयोग? सखूला आत्ताच वाचून दाखव." म्हणून काल तिला बोलावून वरील मजकूर वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतला. चहा घेतला नाही. म्हणाली, "घर नको मला, अण्णा. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा वीस दिवसांवर आली होती. ती दे."

सबब कलम दोन रद्द करीत आहे. तिने मागितलेली वस्तू माझ्या मालमत्तेत नाही.

ठिकाण : हुबळी
तारीख : १४ नोव्हेंबर २०२५

सही : आनंदा यल्लाप्पा गावडे

आमच्यासमोर सही केली :
१. मुकुंदराव हणमंत जोशी
२. ॲड. वनिता संजीव देसाई