दारासमोरची खुर्ची

डार्मश्टाट, ६ मे २०२५

ती. सौ. ताईस सिद्धेशचा सा. न. वि. वि.

तीन आठवडे झाले, लिहितो लिहितो म्हणत टाळतोय. फोनवर मी हसून वेळ मारून नेतो म्हणून कागदावरच लिही, ही तुझी अट. आणि कागद समोर आला की मला खिडक्या पुसाव्याशा वाटतात. कालच दोन पुसल्या.

तुझा प्रश्न लक्षात आहे. बाबा तीस तारखेला परत सांगलीला जाणार, त्याआधी मी वोल्फ्सबुर्गला येऊन त्यांना भेटणार का. त्यावर येतोच. आधी बदकाचं सांगतो.

देवदत्त आणि मैथिली, म्हणजे इथे पीएचडी करणारे माझे दोन हुशार मित्र (त्यांच्यात न शिकलेला मी एकटा), यांच्याबरोबर शनिवारी सायकलने हायडेलबर्गला गेलो. साठ किलोमीटर. वाटेत एका गावात जुन्या घड्याळांचा बाजार होता, तो बघत मी तासभर रमलो, त्यामुळे हायडेलबर्गचा किल्ला राहिला तो राहिलाच. मैथिली अजून नीट बोलत नाहीये. पण पुलाजवळच्या एका चिनी खानावळीत देवदत्तने बदक सांगून ठेवलं होतं. आदल्या दिवशी सांगावंच लागतं, कारण भाजायच्या आधी ते टांगून वाळवतात. कार्ड सोबत पाठवतोय, दाजी कधी कामाला इकडे आले तर.

मी नेहमीप्रमाणे दाराकडे तोंड करून बसलो, रस्ता दिसावा म्हणून. मालक सत्तरीचे. अख्खं तांबूस बदक टेबलापाशी आणून पातळ सुरीने कातडीचे काप काढायला लागले. पहिला काप साखरेत बुडवला आणि ठेवला माझ्या ताटलीत. मी म्हटलं, आधी मैथिलीला द्या. तर ते मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले की दारासमोरची खुर्ची सगळ्यात मोठ्या माणसाची, पहिला घास त्याचा. देवदत्तला निमित्तच पाहिजे होतं. परत येईपर्यंत मला आजोबा म्हणत होता, रस्ता ओलांडताना हातसुद्धा धरला.

कातडी पापडासारखी मोडते आणि मग तोंडात विरघळते. बाकीचं मांस पातळ पोळीत गुंडाळून, कांद्याची पात, काकडी, गोडसर काळा सॉस. चांगलं होतं गं. पण तो पहिला घास खरं तर बाबांचा. बाबांना मी बसून जेवताना कधी पाहिलंय, ते आठवेना. सांगलीच्या आपल्या खानावळीतली शेवटची पंगत उठली की ओट्याशी उभं राहून, पातेल्याला लागलेला रस्सा भाताने पुसून घ्यायचे. आणि त्या माणसाला मी मसाल्याच्या डब्यात चिठ्ठी ठेवून, एका लग्नाच्या जेवणाची ऑर्डर होती त्या ऐन सकाळी सोडून आलो.

तर येऊ कुठल्या तोंडाने? दोन वर्षांत त्यांनी माझं नाव घेतलेलं नाही, तूच म्हणालीस. हे पत्र त्यांना दाखवू नकोस.

दाजींना नमस्कार, इराला पापा. रागाव, पण लिहीत जा.

तुझा,
सिद्धू


वोल्फ्सबुर्ग, ११ मे २०२५

चि. सिद्धूस अनेक आशीर्वाद.

पत्र मी बाबांना दाखवलं नाही. शुक्रवारी मी ते फ्रिजवर लावून इराला बालवाडीत सोडायला गेले, एवढंच. परत आले तर पत्र उलटं लावलेलं आणि बाबा धुतलेलीच भांडी पुन्हा धूत होते.

संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा बाबांनी विचारलं, हाडांचं काय केलं? मला कळेना कुणाच्या. मग म्हणाले, कातडी काढली, मांस काढलं, उरलेल्या सांगाड्याचं काय करतात ते पोरट्याने लिहिलंच नाही, सगळं अर्धवट बघायची सवय. सिद्धू, दोन वर्षांत तुझ्याविषयी निघालेलं हे पहिलं वाक्य. माझे डोळे भरून आले, मी आपलं परागकणांच्या ॲलर्जीवर ढकललं.

आणखी एक, जे मी तुला सांगणार नव्हते. गेल्या वर्षी सांगलीला गेले तेव्हा तो डबा उघडला होता. चिठ्ठी तशीच आहे, हळदीने पिवळी झालेली. मसाला आता दुसऱ्या डब्यात असतो.

तुला शनिवारी सुट्टी असते. दुपारची गर्दी ओसरली की जा, त्या मालकांना हाडांचं विचार, आणि लिही ते बाबांना, मला नको. तू जाणार असं मी त्यांना सांगूनही टाकलंय. त्यावर हायडेलबर्ग किती लांब, असं विचारलं. पाच तास म्हटलं. आज पुन्हा तेच विचारलं, विसरले असतील. ते कार्ड फ्रिजवरून नाहीसं झालंय, इराने खेळायला घेतलं असणार. ती आजोबांना जर्मनमध्ये दटावते, ते तिला सांगलीच्या मराठीत. छान चाललंय दोघांचं.

हे तुझ्या भल्याचं सांगतेय, हे ध्यानात असू दे. माया आहेच, ती काही कमी होत नाही.

तुझी,
सुनेत्राताई


हायडेलबर्ग, १७ मे २०२५, दुपारी तीन

तीर्थरूप बाबांस सिद्धेशचा शि. सा. न. वि. वि.

हाडांचं विचारलं. सांगाडा फोडून, आलं घालून मंद आचेवर ठेवतात. पाणी पांढुरकं झालं की कोबी. मीठ शेवटी. त्या दिवशी ते सूप आलं होतं, पण मी तेव्हा नदीतल्या होड्या बघत होतो. तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी अर्धवट बघतो. चिठ्ठीतही अर्धवटच लिहिलं होतं, मी जातोय, एवढंच. खानावळ मला नको होती. तुम्ही हवे होतात. हे लिहायला पाहिजे होतं. त्या सकाळी तुम्हाला एकटं टाकलं, ते चुकलंच. हे समोर बसून सांगायला मी वोल्फ्सबुर्गला

ताई, वरचं पत्र बाबांचं, पण आता तुलाच टाकतो. ‘येतो’ लिहिणार तेवढ्यात दार उघडलं. मी आज मुद्दाम दाराकडे पाठ करून बसलोय, त्यामुळे आधी मालकांचा चेहरा दिसला, मग मी वळलो.

बाबा आलेत. हातात ते कार्ड, अंगात दाजींचं जाकीट. माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, खांद्यावर हात ठेवला, आणि वाळायला टांगलेली बदकं बघायला थेट स्वयंपाकघरात शिरले. मालक त्यांच्या मागे. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नाही, तरी आत जोरात चर्चा चाललीये.

मी मालकांना म्हटलं होतं, आज नुसतंच विचारायला आलोय, बदक काही सांगितलेलं नाही. ते आतून ओरडून सांगतायत की कालच वोल्फ्सबुर्गहून एका माणसाचा (दाजीच असणार) फोन आला होता, दोघांसाठी सांगून ठेवलंय.

दारासमोरची खुर्ची मी टेबलाखालून ओढून ठेवलीये. बाबा हात धुतायत.

सिद्धू