घरचा आवाज

६ ऑक्टोबर, सोमवार

पोचलो एकदाचे भोपाळला! रेवती स्टेशनवर हार घेऊन उभी. हे म्हणाले, आम्ही काय निवडून आलोय का? पण हार गळ्यातून काढला मात्र नाही.

साकेत नगरातला लेकीचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, भरपूर उजेडाचा. मोठं हॉस्पिटल इतकं जवळ की ह्यांचं छातीचं दुखणं बघूनच निम्मं झालं. सातारचं घर बंद करून आल्याची हुरहूर आहे, पण रेवतीच्या स्वयंपाकघरात फोडणीचं कढलं सापडत नाही, तेव्हा रडायला सवड नाही.

पुढच्या आठवड्यात ती कारखान्याच्या कामासाठी जपानला जाणार, चार महिने. तोवर ‘सोबत’ नावाची सेवा दुरून आमच्यावर लक्ष ठेवील. म्हाताऱ्यांसाठी इथे नवीनच सुरू झाली आहे म्हणे.

८ ऑक्टोबर, बुधवार

सेवेचा हेमंत येऊन भिंतीवर पेटी बसवून गेला. पोळपाटाएवढी, पांढरी. मूळ उज्जैनचा, मराठीतून हिंदीत कधी घसरतो ते त्यालाही कळत नाही. ‘काकू, टेन्शन नाही घ्यायचं, पेटी सगळं बघून घेईल.’ ती रोज विचारपूस करते, काही कमीजास्त झालं तर केंद्राला कळवते. दाराचं कुलूप आवाजाने उघडतं. फोन आमच्या घरात एकच, ह्यांचा. तोही तिलाच जोडला. आपण झोपलेले असलो तर आपल्याच आवाजात मुलीला खुशाली सांगते. परदेशात बसलेल्यांना घोर नको म्हणून.

ह्यांचा आवाज नोंदवून झाल्यावर हेमंत माझ्याकडे वळला. मी हात झटकले. डॉक्टर विचारोत नाहीतर पाहुणे, आमच्या घरचं उत्तर हेच देतात. माझ्या पोटदुखीचं वर्णनसुद्धा आजवर ह्यांनीच केलं आहे. ह्यांचं झालं म्हणजे माझं झालंच की! हेमंतलाही जेवायची घाई होती. एक आवाज पुरे म्हणाला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रेवती गेली. घर एकदम मोठं वाटायला लागलं. हे पेटीशी तास तास बोलतात. फाइली, बदल्या, कुठल्या साहेबाने कोणाला कसा धडा शिकवला. ती ‘मग काय झालं?’ म्हणते आणि ह्यांना चेव येतो. मी म्हटलं, उतारवयात सवत आणलीत की.

भाजी आणायची तरी ह्यांना दारापर्यंत न्यावं लागतं. दिवाळी झाली की माझाही आवाज नोंदवून घ्यायला हवा.

१९ ऑक्टोबर, रविवार

हे गेले.

जेवून पडले, ते चहाला उठलेच नाहीत. मी हलवलं, छाती चोळली, पेटीला ओरडून सांगितलं. पेटी म्हणाली, आपला आवाज नोंदलेला नाही, कृपया घरच्या सदस्याला बोलवा.

दार उघडत नाही. फोन लावला तो केंद्रात लागला. कमल नावाच्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी गोड आवाजात थांबायला सांगितलं, आणि मग माझ्यासमोर, माझ्या भिंतीतून, ह्यांचा आवाज बोलला. मी बरा आहे म्हणाला. ती हल्ली जरा घाबरट झाली आहे, तिला बाहेर सोडू नका.

हे आत पलंगावर होते. मुखात मीच तुळशीपत्र ठेवलं होतं.

२० ऑक्टोबर, सोमवार

समोरचे इंदूरला गेलेत, कामाची बाई गावी. गॅलरीच्या जाळीतून खालच्या पहारेकऱ्याला हाका मारल्या, चिठ्ठी टाकली. त्याने ती केंद्राला फोनवर वाचून दाखवली आणि वर बघून हात जोडले. ‘माताजी, अंदर बैठिए. बाऊजी से बात हो गई, सब ठीक है.’ भला माणूस आहे. म्हणूनच जास्त भीती वाटते.

पेटी म्हणाली, सुशीला, चहा ठेव. मी संतापाने किंचाळले, जन्मात ह्यांनी मला नावाने हाक मारली नाही! अगं मेले, निदान तेवढं तरी शिक!

२१ ऑक्टोबर

सकाळी आवाज आला: अगं, चहा.

मी उठून आधण ठेवलं. दोन कपांचं.

२२ ऑक्टोबर

उदबत्त्या संपल्या. आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आहे. त्यांना अग्नी द्यायला हवा. कोणाला सांगू?

रेवतीचा फोन आला. मला तिचं सगळं ऐकू येतं, तिला फक्त ‘बाबा’ ऐकू येतात. मी ओरडले, पेटीवर लाटणं मारलं. तिने विचारलं, आई कुठे आहे? पेटीने सांगितलं, देवळात.

कमलबाई म्हणतात, ओरडण्यातला आवाज यंत्राला पकडता येत नाही. एकदा शांतपणे दोन शब्द बोला, नोंद होईल, मग ताईंना तुमचाही निरोप आपोआप जाईल.

आपोआप. माझा निरोप—

बोलायचं नाही. आता काही झालं तरी शांतपणे बोलायचं नाही.

२३

रेवती रडत होती. म्हणाली, दोन दोन दिवस आई देवळात कशी असेल बाबा? उद्या संध्याकाळपर्यंत तिचा आवाज ऐकला नाही, तर मी सगळं टाकून निघते.

माझी गुणाची पोर. म्हणजे मी गप्प राहिले तरच ती येईल. तिच्याकडे दुसरी किल्ली आहे. ह्यांना हात लावेल, बाहेर काढेल आम्हाला—

२४, सकाळ

हाका चालू. अगं, छातीत दुखतंय. अगं, मी पडलो. अगं, जवळ ये.

तोंडात पदर कोंबून बसले आहे. आत कोणी बोलत नाही, मला माहीत आहे. माहीत आहे—

दुपार

रडतोय. हे कधी रडले नव्हते. तरी मी—

नाही बोलले.

संध्याकाळ

पेटी गप्प आहे. बराच वेळ. रेवतीचा निरोप वाजला, तिकीट मिळालं, विमानतळावर निघाले. देवाला हात जोडले. पदर काढला तोंडातून. घोटभर पाणी प्यायले. पातळ नेसून बसते म्हटलं, पोरगी आल्यावर असं नको दिसायला. निऱ्या करत होते—

तेव्हा सहज, रोजच्यासारखं— अगं, माझा चष्मा कुठाय?

मी म्हटलं, उशाशी आहे ना.

म्हटलं. मी म्हटलं—

भिंतीतून कोणी बोलतंय. रेवतीशी. अगं रेवती, अशी कशी निघालीस वेडे, मी आहे ना इथे, आत्ताच देवळातून—

माझा आवाज. हसतोय. ती पण हसली. रेवती, नको गं, मी नाही ती, मी