चहाला नाही कसं म्हणायचं

दारव्हा, मंगळवार, नोव्हेंबर २००६

आज डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. ग्रीन टी चांगला, पण दिवसभर पोटात गेलेली साखर त्याने कमी होत नाही. त्याच्या कॅप्सूल तर नकोच, लिव्हरला त्रास होऊ शकतो. यांचा डायबिटीस वाढलाय. गुरांच्या दवाखान्यातली नोकरी, रोज वेगळं गाव, घरोघरी गोड चहा.

"नाही म्हणता येत नाही काय?" परतताना मी विचारलं.

"यंदा कापसाले भाव नाही. मी नाही म्हटलं तं शेतकऱ्याइले वाटते, हा आपली कीव करून साखर वाचवून राह्यला."

रागवायचं होतं मला. पण यावर काय रागवायचं?

"मग घरी येऊन तो कडू ग्रीन टी कायले पेता?"

"तू करते म्हणून."

तेव्हापासून तेच डोक्यात. तू करते म्हणून.

उद्यापासून ग्रीन टीच्या चार पुड्या यांच्या खिशात ठेवीन. लोकांकडे फक्त गरम पाणी मागायचं, त्यात पुडी बुडवायची, त्या घरच्यांनाही पाजायचा. हा बिनसाखरेचाच पितात, एवढंच सांगायचं. जमेल ना यांना? चूल त्यांचीच पेटेल, कपही त्यांचेच निघतील. कुणाला नाही म्हणावं लागणार नाही.