ठिपक्याचा कूम

क्रेमेन वेधशाळा,
९ ऑक्टोबर १९८३

ती. यागोदाताईस,
धाकट्या ओग्नेनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. मोजे झकास. पत्र मात्र निम्मं बाबांनी सांगून लिहवून घेतलेलं दिसतं. कॉलेज सोडलं ते सोडलं, दर पत्रात ते उकरून काढू नकोस. इथे मी जीप चालवतो, लाकडं फोडतो आणि अंधाऱ्या खोलीत दुर्बिणीच्या फोटोंच्या काचा धुतो. मुलगा उपाशी नाही एवढं बाबांना कळव.

आता बातमी. तिच्याबरोबर किळसही आलीच, या गावात एक दुसरीशिवाय मिळत नाही.

नेवेनाला काहीतरी सापडलंय. नेवेना म्हणजे आमच्या वेधशाळेतली तीच, जिच्यावर मी उन्हाळ्यात तुला पानंच्या पानं लिहिली आणि तू उत्तरात नुसतं ‘बरं’ लिहिलंस. दोन निरनिराळ्या रात्रींच्या काचा शेजारी ठेवून ती बघत होती. सगळे तारे जागच्या जागी, आणि एकच फिकट ठिपका किंचित सरकलेला. इतकं सावकाश सरकतो म्हणजे फार लांबचा, प्लूटोच्याही पुष्कळ पलीकडचा. ग्रह असू शकतो. नेवेना त्या ‘असू शकतो’च्या पुढे एक अक्षर बोलत नाही. तिसरी काच मिळाल्याशिवाय काही खरं नाही म्हणते, आणि ढग तर हटायला तयार नाहीत.

पण आमचे संचालक रादोमिर! त्यांनी गावात जाऊन सांगूनही टाकलं की ग्रह सापडला. पेपरात फोटो आलाय, साहेब दुर्बिणीला डोळा लावून बसलेत. दुर्बिणीचं झाकणसुद्धा काढलेलं नव्हतं गं! नेवेना खाली बारीक अक्षरांत, ‘तरुण सहकारी’.

याहून घाण पुढेच आहे. ग्रहाला नाव हवं. आता नाव आईबापांनी ठेवायचं नसतं, बाळाला बाप्तिस्म्याला हातात धरणाऱ्या कूमने ठेवायचं असतं, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. तर साहेबांनी कूम गाठलाय लोणच्यांच्या कारखान्याचा झिवोता! तो नाव ठेवणार स्तोयांका. ते त्याच्या स्वर्गवासी आईचं नाव, आणि त्याच्या मिरच्यांच्या चटणीचंही. नव्या बरण्यांवर लेबलं लागलीसुद्धा. लाल मिरची, आणि तिच्याभोवती शनीसारखं कडं. ते बघून किळस आली.

खानावळीत सगळ्यांसमोर नेवेनाने समजावून पाहिलं की नावाचं जगातल्या खगोलशास्त्रज्ञांची संघटना ठरवते, आधी नुसता क्रमांक मिळतो. साहेब हसले. म्हणाले, पोरी, बाळ परदेशच्या दवाखान्यात झालं तरी कूम आपल्याच गावचा लागतो. सगळी खानावळ फिदीफिदी हसली. एकेकाच्या ताटात थुंकावंसं वाटलं.

तुझी माया तुझ्या रश्श्यासारखी दाट राहू दे.

तुझा,
ओग्नेन


सुबोतित्सा,
१५ ऑक्टोबर

चि. ओग्नेन यास,
यागोदाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आम्ही दोघं पोट धरून हसलो. तुझे भावोजी विचारतात, त्या ग्रहावर थंडी फार असेल तर मोजे आणखी विणू का. धाकटीला गोवर आलाय, पण आता उतार आहे. काळजी करू नकोस.

काळजी तुझीच आहे. प्राध्यापकाच्या टेबलावर शाई ओतून कॉलेजातून बाहेर पडलास, तसं काही तिथे करू नकोस. झिवोता कसाही असो, अर्धं गाव त्याच्या जिवावर जेवतं. आणि लेबलावर इतका जळफळाट करतोस, तो सगळा ग्रहासाठी आहे असं मला भासवू नकोस. त्या मुलीशी बोललास का? तुझा राग तीन गल्ल्या पलीकडे ऐकू जातो, आणि प्रेम म्हणशील तर समोरच्या माणसालाही कळत नाही. तोंड उघड, पण शिव्या द्यायला नव्हे.

आईला दोन ओळी टाक. आमची आठवण ठेव, आणि जेवणानंतर सिगरेट कमी कर.

तुझी,
यागोदा


क्रेमेन,
२५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बस आधी. बसलीस? तुझा भाऊ कूम झालाय!

परवा कारखान्याच्या खानावळीत नामकरणाचं जेवण होतं. तिसरी काच नाही, आकाश धड नाही, आणि ग्रहाचं बारसं! भाजलेल्या डुकराच्या तोंडात सफरचंदाऐवजी झिवोताची मिरची खुपसलेली. झिवोता पेला घेऊन उठला आणि आईच्या आठवणीने रडायला लागला. खरे अश्रू होते, म्हणून तर जास्त किळस आली. रडता रडता बरणी अशी धरली होती की लेबल फोटोत यावं. मग साहेबांनी नेवेनाला हाक मारली, की ये पोरी, कूमच्या पाया पड.

नेवेना उठली. आवाज न चढवता म्हणाली की मान फार मोठा आहे, पण झिवोताकाका, उशीर झाला. बाळ मला सापडलं, आणि कूम मी आधीच सांगून ठेवलाय. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तिने बोट केलं ते कोपऱ्यात हाड चोखत बसलेल्या माझ्याकडे. ताई, मला तिने अवाक्षर विचारलेलं नव्हतं! मी असा ताडकन उठलो की खुर्ची मागे आडवी.

झिवोता त्याच्या मिरचीसारखा लाल झाला. पण बोलतो काय? दुसऱ्याला दिलेलं कूमपण हिसकावणाऱ्याच्या दारात आपल्याकडे कुत्रं उभं राहत नाही, कम्युनिस्ट पक्षाचा सभासद असला म्हणून काय झालं. साहेब कुत्सितपणे म्हणाले, कूम म्हणून लाकूडतोड्याच मिळाला का? नेवेना म्हणाली, बाळाला पहिली आंघोळ त्यानेच घातली, काचा तोच धुतो.

सगळ्या गावादेखत तिने मला निवडलं! याचा दुसरा काय अर्थ असणार? नाव माझ्या मनात ठरलंय, पण कूम आधी सांगत नसतो. या रविवारी तिला लग्नाचं विचारतो.

आईला अजून बोलू नकोस. लोभ ठेव, मला सध्या तो सगळीकडून लागणार आहे.

तुझा,
ओग्नेन


सुबोतित्सा,
२८ ऑक्टोबर

चि. ओग्नेन, माझ्या गाढवा,

रविवारच्या आत पोचावं म्हणून घाईने लिहिते, आशीर्वाद शेवटी घे.

आपल्या घराण्यात कुणी कूमच्या घरात लग्न केल्याचं ऐकलंयस? कूम म्हणजे सख्ख्या भावापेक्षा जवळचा. गावादेखत कूम केलं म्हणजे गावादेखत भाऊ केलं. झिवोताला अडवायला जो दिसला त्याच्याकडे तिने बोट केलं असेल, किंवा तुझे डोळे ओळखून मुद्दामच केलं असेल. मला इथून काय कळणार? ग्रह म्हणजे दगड, दगडाचा कूम कोण धरतो असं तू म्हणशील. तेही तिलाच विचार. पण विचारताना आवाज खाली ठेव.

आशीर्वाद, आणि आज जरा जास्तच.

यागोदा


क्रेमेन,
१४ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. फाडून चुलीत घातलं आणि रविवारी गेलोच. म्हटलं, दगडाचा कूम धरत नाहीत. नेवेना म्हणाली, धरत नाहीत तर खुर्ची पाडून उठलास कशाला? मग म्हणाली की तुझं मला उन्हाळ्यापासून माहीत होतं. मला तू हवास ओग्नेन, पण तसा नाही. मी दार आपटून आलो. लाकडं इतकी फोडली की पुढचा हिवाळाही निघेल.

मग ढग हटले. तिसरी काच मी धुतली. दोघांनी मिळून बघितली. ठिपका जिथे असायला हवा होता तिथे काही नाही. आजूबाजूलाही काही नाही. आधीचे दोन ठिपके काचेवरच्या लेपातले डाग असतील, किंवा वस्तू इतकी मंद की यावेळी उमटली नाही. नेवेना म्हणाली, कळायला मार्ग नाही. एवढंच म्हणाली आणि भिंगावरून हात काढेना.

खरं सांगू? माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की बाळच नाही तर कूम कसला, मी मोकळा. ती समोर तशी बसलेली, आणि मी आतून हुरळलेलो. त्या मिरचीच्या लेबलाची आली नव्हती तेवढी किळस मला माझी आली.

गावाची तर बोलूच नकोस. झिवोताने जेवणातून उरलेल्या दारूचं पिंप परत मागवलं. बाया बरण्यांच्या लेबलांवरची शनीची कडी खरवडून काढताहेत. आणि साहेबांनी सभा घेऊन पेपरवाल्यासमोर निवेदन वाचलं, की तरुण सहकाऱ्याच्या उतावळेपणामुळे वेधशाळेची बदनामी झाली. आता मात्र तिचं पूर्ण नाव, आडनावासकट! ती मान खाली घालून बसली होती. मी उठलो. म्हटलं, ‘असू शकतो’च्या पुढे ही एक अक्षर बोललेली नाही, बोललात तुम्ही, तेही झाकण लावलेल्या दुर्बिणीला डोळा लावून. साहेब ओरडले, तू कोण मध्ये बोलणारा? म्हटलं, मी कूम आहे. म्हणाले, कशाचा कूम, काचेवरच्या डागाचा? म्हटलं, हो, डागाचा. डागाच्या आईबद्दल माझ्यादेखत कुणी वाकडं बोलायचं नाही. शाईला हात लावला नाही ताई, शपथ.

नोकरी गेली. बाबांना तूच सांग, मला धीर नाही.

नेवेनाने राजीनामा दिला. ती बेलग्रेडला जाते आहे, पुढच्या शरदात आकाशाचा तो तुकडा परत वर आला की पुन्हा शोधणार. काल तिचं सामान मी जीपमध्ये चढवलं, शेवटची फेरी म्हणून. ती दारात थांबली. म्हणाली, आता बाळ नाही, तर तुलाही बांधून ठेवणार नाही. तुला परत काही विचारायचं असेल तर विचार, मी नीट ऐकून घेईन.

ऐकून घेईन म्हणाली, हो म्हणेन असं नाही. पण दार उघडं होतं. मी तिथे उभा राहिलो, आणि मग बाळाच्या आईला कूमने जी हाक मारायची असते, तीच मारली. म्हटलं, चल कुमा, बस चुकेल.

तिने माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्या सीटवर येऊन बसली. घाट उतरेपर्यंत दोघंही रडत होतो आणि झिवोताला शिव्या देत होतो.

मी गुरुवारी तुझ्याकडे येतो. दारात उभं करून काही विचारू नकोस, आधी जेवायला वाढ.

तुझाच,
ओग्नेन