बारावा पंप

सोमवार, सकाळी ९
पूर येणार म्हणतात. शहराच्या बांधकाम खात्याचा समन्वयक म्हणून माझी नेमणूक! संकल्प: डोकं थंड ठेवायचं. बायको म्हणाली की आधी स्वतःच्या चष्म्याचा समन्वय कर. दुर्लक्ष केलं.

सोमवार, दुपारी ४
पाणी उपसायचे बारा पंप बारा वॉर्डांत विखुरलेले. याला काय नियोजन म्हणायचं? सगळे मुख्य गोदामात आणायचा हुकूम काढला. ज्याला हवा त्याने फॉर्म भरावा, मी सही करीन. गोदामाच्या भिंतीवर तक्ता लावला, हिरवी टिकली म्हणजे पंप हजर. बाराव्या वॉर्डाचा मुकादम पुटपुटला की गोदाम सखल जागेत आहे. त्याला तक्ता कळत नाही.

मंगळवार, सकाळी ११
अकरा टिकल्या हिरव्या. बाराव्या वॉर्डाचा पंप 'सापडत नाही' म्हणे. मुकादमाला कारणे दाखवा नोटीस. त्याच वॉर्डात तळमजल्यावर माझी ताई राहते, गुडघ्यांनी अधू. तिला फोनवर सांगितलं की भाऊ समन्वयक असताना काळजी कसली.

बुधवार, सकाळी ८
पाऊस कोसळतोय. पंपासाठी पाच फॉर्म आले. चार अपुरे, परत पाठवले. पाचवा पूर्ण होता, पण मी मीटिंगमध्ये. विषय: फॉर्म अपुरे का येतात.

बुधवार, दुपारी १२.१०
ताईचा फोन. पाणी उंबऱ्याला लागलंय. म्हटलं, वॉर्डातून फॉर्म येऊ दे, लगेच सही करतो. तिने फोन आपटला. लहानपणापासून तापटच.

१२.४०
राहवेना. फॉर्म मीच भरला, सही मीच केली, धावत गोदाम गाठलं. दार पाण्याने दाबलेलं. खिडकीतून पाहिलं, अकराच्या अकरा पंप बुडालेले. तक्ता मात्र वर कोरडा, हिरवागार.

दुपारी ३
गुडघाभर पाण्यातून ताईकडे पोचलो. दारात वाळूची पोती, पोत्यांमागे बारावा पंप धडधडतोय. मुकादमाने तो शाळेच्या माडीवर दडवला होता. ताई खुर्चीत, कोरडी. ती त्याला चहा देत होती. मला रडू फुटलं. ती म्हणाली की आधी चपला बाहेर काढ.

गुरुवार, सकाळी १०
नोटीस फाडली. गोदाम उपसायला तोच पंप मागावा लागला. मुकादमाने फॉर्म पुढे केला. निमूट भरला, सही केली. त्याने तो सावकाश वाचला आणि परत दिला. म्हणाला की साहेब, 'गोदामात पाणी शिरण्याचे कारण' हा रकाना रिकामा आहे.